सेलिना काइल चोरी का करते?

१९७७ सालच्या अखेरीस अमेरिकेत ‘डीसी सुपर-स्टार्स’ या मालिकेचा सतरावा अंक विक्रीला आला. लेखक पॉल लेव्हिट्झ, चित्रकार जो स्टेटन. या अंकातली सेलिना ही संसारात स्थिरावलेली प्रौढ बाई आहे. नवरा गडगंज श्रीमंत, मुलगी हाताशी आलेली. लग्नाआधी ती कॅटवुमन या नावाने तिजोऱ्या फोडत असे. नवऱ्याला हे ठाऊक आहे. बॅटमॅन म्हणून तिचा पाठलाग करणारा तोच होता. एके दिवशी सिल्की सर्नॅक नावाचा तिच्या जुन्या टोळीतला माणूस येऊन उभा राहतो. जुन्या आयुष्यातला एक पुरावा तिच्यासमोर धरतो आणि सांगतो, की माझ्यासाठी एकदा शेवटचा हात मार, नाहीतर हे सगळे उघड करीन. वर्षानुवर्षे कपाटात पडलेला पोशाख ती पुन्हा अंगावर चढवते. त्या दरोड्यात तिचा जीव जातो. नवरा आपला मुखवटा कायमचा उतरवतो. मुलगी हेलेना आईच्या आणि बापाच्या हत्यारांतून स्वतःची हत्यारे बनवून सर्नॅकला गाठते आणि ‘हंट्रेस’ म्हणून उभी राहते.

हा अंक मी बऱ्याच वर्षांनी, पुनर्मुद्रणात वाचला. वाचताना एक प्रश्न मनात राहिला. १९४० साली ही बाई कॉमिक्समध्ये पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यावर कोणाचीही सक्ती नव्हती. हिरे सुंदर असतात आणि आपल्याला ते उचलता येतात, एवढे कारण तिला पुरत होते. मग सदतीस वर्षांत तिला चोरी करायला ‘भाग पाडणारा’ माणूस लेखकांना का लागला? तिच्या ऐंशी वर्षांच्या इतिहासात ही कारणे एकामागून एक कशी बदलत गेली, ते पाहिले तर एका काल्पनिक चोरापेक्षा ती छापणाऱ्या आणि वाचणाऱ्या समाजाविषयीच जास्त कळते.

सुरुवात कॉमिक्सच्याही आधीची आहे. १९१५-१६ मध्ये लुई फ्युयाद या फ्रेंच दिग्दर्शकाने ‘ले व्हँपिर’ ही दहा भागांची मूक चित्रमालिका काढली. त्यात म्युझिदोरा या अभिनेत्रीने इर्मा व्हेप नावाची चोर रंगवली. अंगाला चिकटलेला काळा पोशाख, पॅरिसच्या छपरांवरून वावरणारी आकृती. पुढच्या साऱ्या चोर-नायिकांचा हा मूळ साचा म्हणायला हरकत नाही. पण इर्मा व्हेप स्वतंत्र नाही. टोळीचे प्रमुख बदलतात आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मोरेनो नावाचा प्रतिस्पर्धी गुन्हेगार तर तिला संमोहित करून तिच्याच प्रमुखाचा खून तिच्या हातून करवतो. म्हणजे बाईने चोरी करावी, पण तिच्या हातामागे दुसऱ्या कोणाचा तरी हात असावा, ही कल्पना पडद्यावर तेव्हाच आलेली होती.

म्हणूनच १९४०चा ‘बॅटमॅन’चा पहिला अंक मला फार मोकळा वाटतो. याच अंकात जोकरही पहिल्यांदा आला, त्यामुळे तो संग्राहकांत प्रसिद्ध आहे. पण मला त्यातली बोटीवरची गोष्ट जास्त आवडते. एका आलिशान नौकेवर श्रीमंतांची सहल चालली आहे, आणि एका बाईचा पाचूंचा हार चोरीला जातो. बॅटमॅनचा चेला रॉबिन नोकर म्हणून बोटीवर आधीच शिरलेला आहे. प्रवाशांत पाय दुखावलेली एक म्हातारी आहे. आग लागल्याची ओरड होते आणि ही म्हातारी तरुण पोरीसारखी पळते! बॅटमॅन तिला पकडून चेहऱ्यावरचा रंग पुसतो तेव्हा आतून देखणी तरुणी निघते. तिचे नाव तेव्हा नुसते ‘कॅट’. ती त्याला सरळ भागीदारीचा प्रस्ताव देते: आपण दोघे मिळून गुन्हेगारी जगावर राज्य करू. तो नकार देतो. परतीच्या वाटेवर ती पाण्यात उडी मारते, रॉबिन तिच्यामागे झेपावणार तोच बॅटमॅन त्याला ‘चुकून’ धडकतो, आणि ती निसटते. मुखवटा नाही, शेपूट नाही, दुःखद बालपण नाही. चोरी हा तिचा धंदा आहे आणि तो तिला आवडतो. मांजरीच्या तोंडाचा मुखवटा आला तो थोड्याच महिन्यांनी, तिसऱ्या अंकात.

तिचे निर्माते म्हणून आज बॉब केन आणि बिल फिंगर ही दोन नावे छापली जातात. ‘आज’ हा शब्द इथे महत्त्वाचा. केनने प्रकाशकाशी करार असा केला होता, की बॅटमॅनवर एकट्याचे नाव लागावे. कथा लिहिणारा, पोशाखापासून शहराच्या नावापर्यंत असंख्य गोष्टी सुचवणारा फिंगर त्या नावाच्या मागे दिसेनासा झाला. १९६५ मध्ये काही वाचकांनी फिंगरचे श्रेय मांडायला सुरुवात केली, तेव्हा केनने खुले पत्र लिहून ते नाकारले. फिंगर १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गेला. त्याच्या हयातीत बॅटमॅनच्या निर्मात्यांमध्ये त्याचे नाव अधिकृतपणे कधीच आले नाही. केनने १९८९च्या आत्मचरित्रात थोडी हळहळ व्यक्त केली, पण श्रेयनामावलीत फिंगरचे नाव यायला २०१५ साल उजाडले. मार्क टायलर नोबलमन या लेखकाने कित्येक वर्षे चिकाटीने केलेला शोध आणि फिंगरच्या नातीने धरलेला आग्रह यांचा त्यात मोठा वाटा आहे. सगळ्यात प्रसिद्ध चोर-नायिकेच्या जन्माच्याच वेळी झालेली ही चोरी पंचाहत्तर वर्षे उघड्यावर होती आणि तिला कायद्याचे संरक्षण होते.

त्याच आत्मचरित्रात केनने कॅटवुमनच्या कल्पनेविषयीही लिहिले आहे. त्याचा आशय असा, की बायका मांजरीसारख्या अलिप्त आणि बेभरवशाच्या असतात, आणि पुरुष कुत्र्यासारखे विश्वासू. करारातून मित्राचे नाव गाळणाऱ्या माणसाने निष्ठेची अशी वाटणी करावी, यावर मी जास्त लिहीत नाही.

मोकळेपणा दहाच वर्षे टिकला. १९५०च्या अखेरीस निघालेल्या ‘बॅटमॅन’च्या बासष्टाव्या अंकात तिचे ‘गुपित’ सांगण्यात आले. बॅटमॅनला वाचवताना तिच्या डोक्याला मार बसतो आणि तिला आठवते, की आपण सेलिना काइल, विमानातली हवाई सुंदरी. विमान अपघातात स्मृती गेली आणि मधली सगळी वर्षे आपण गुन्हे केले ते नकळत! हे नाव वाचकांना पहिल्यांदा कळले ते इथे. ती पोलिसांना मदत करते आणि पाळीव प्राण्यांचे दुकान टाकते. म्हणजे सक्ती करणारा पहिला ‘माणूस’ म्हणजे तिच्याच डोक्याला झालेली इजा. शुद्धीवर असलेली बाई आनंदाने चोरी करील, हे आता छापणे अवघड झाले होते.

अवघड का झाले होते, हे कळण्यासाठी त्या वेळचे वातावरण पाहावे लागते. बालगुन्हेगारी वाढते आहे आणि तिचे मूळ कॉमिक्समध्ये आहे, असा समज अमेरिकेत पसरला होता. गावोगावी कॉमिक्सच्या होळ्या झाल्या. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावण्या घेतल्या. वर्थॅमने कॅटवुमनचा नावानिशी उल्लेख केला आहे. बॅटमॅनच्या गोष्टींत सभ्य, यशस्वी बाई दिसत नाही, दिसते ती चाबूक चालवणारी ही दुष्ट बाई, अशी त्याची तक्रार.

वर्थॅमची खिल्ली उडवणे आज सोपे आहे, पण मला ते पटत नाही. या माणसाने १९४६ मध्ये हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी जवळजवळ फुकट चालणारे मानसोपचार केंद्र सुरू केले होते. शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यात त्याने दिलेली साक्ष १९५४च्या ऐतिहासिक निकालापर्यंत पोहोचली. मुलांविषयीची त्याची कळकळ खोटी नव्हती. खोटे होते ते काही पुराव्यांचे रूप. २०१२ मध्ये कॅरल टिली या संशोधिकेने त्याची मूळ कागदपत्रे तपासली, तेव्हा मुलांच्या जबान्या त्याने कापल्या, जोडल्या आणि फुगवल्या होत्या असे दिसून आले. सद्हेतूने केलेली ही फेरफार फार महाग पडली.

१९५४च्या ऑक्टोबरात प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. सरकारी बंदीपेक्षा हे बरे, असा त्यांचा हिशेब. संहितेचा मथितार्थ असा: गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटेल असे काही छापू नये, गुन्हेगार आकर्षक दिसू नये, शेवटी सत्प्रवृत्तीचाच विजय व्हावा आणि गुन्ह्याला शिक्षा व्हावी. विक्रेते शिक्का नसलेले अंक ठेवीनात. त्या वर्षाच्या सुरुवातीला कॅटवुमन पुन्हा चोरीकडे वळली होती. वर्तमानपत्रात आपल्या जुन्या पराभवांच्या गोष्टी छापून आल्या, लोक हसले, म्हणून चिडून. अपमान हे कारण मला डोक्याच्या इजेपेक्षा कितीतरी खरे वाटते. पण सप्टेंबर १९५४च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’नंतर ती बारा वर्षे कॉमिक्समधून नाहीशी झाली. देखणी, चतुर, नायकाला आवडणारी आणि दरवेळी निसटणारी चोर: संहितेत तिच्यासाठी जागा नव्हती. पुनरागमन १९६६ मध्ये झाले ते बॅटमॅनच्या अंकातही नाही, लोइस लेनच्या मालिकेत.

परत आणले ते दूरचित्रवाणीने. १९६६च्या जानेवारीत सुरू झालेल्या मालिकेत ज्युली न्यूमारने ही भूमिका हसतखेळत केली; त्याच वर्षीच्या चित्रपटात ली मेरीवेदर होती. तिसऱ्या वर्षी आली अर्था किट. कृष्णवर्णीय गायिका-नर्तकी, आवाजातच मांजर असलेली. तिच्या आधीच्या कॅटवुमनचे आणि बॅटमॅनचे एकमेकांकडे ओढले जाणे हा मालिकेचा मुख्य विनोद होता. किटच्या भागांत तो जवळजवळ गायब झाला. आंतरवर्णीय विवाहावरचे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. जानेवारी १९६८ मध्ये व्हाइट हाउसमधल्या एका भोजनप्रसंगी किटने राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीसमोर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध स्पष्ट मत मांडले. त्यानंतर मायदेशातले तिचे काम आटले आणि बरीच वर्षे तिला युरोपात गाणी म्हणून पोट भरावे लागले. तिच्यावर गुप्तहेर खात्याने फाइल ठेवली होती, हे १९७५ मध्ये बाहेर आले. पडद्यावरच्या चोराला सगळे माफ होते, ती साकारणाऱ्या बाईला एक खरे वाक्यही माफ झाले नाही.

१९७१ मध्ये संहिता सैल झाली आणि गुन्हेगाराची बाजू काही प्रमाणात दाखवता येऊ लागली. आणि मग सहा वर्षांनी सिल्की सर्नॅक. इथे सक्तीचे काम दुहेरी आहे. सेलिनाला चोरी करायला लावायची, पण दोष तिच्या माथी येऊ द्यायचा नाही. संसारी बाईने स्वखुशीने जुना पोशाख घातला असता तर वाचकाने तिला माफ केले असते का? लेखकाला खात्री नसावी. म्हणून धमकी, आणि म्हणून मरण. कथा परिणामकारक आहे, हेलेनाचा निर्धार आजही भिडतो. पण सेलिनाकडून तिचा एकमेव आनंद आधी काढून घेतला आणि मग जीव, हे माझ्या मनातून जात नाही.

सहाच वर्षांनी ॲलन ब्रेनर्ट या लेखकाने याच सेलिनाला बोलते केले. ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’चा एकशे सत्त्याण्णवावा अंक, एप्रिल १९८३. माझ्या मते कॅटवुमनवरचे हे सर्वोत्तम लेखन. त्यात ती कबूल करते, की स्मृतिभ्रंशाची गोष्ट मी रचली होती. खरे असे, की तिचे एक लग्न झाले होते. नवरा श्रीमंत आणि जुलमी. ती त्याला सोडून निघाली तेव्हा तिचे दागिने त्याच्या तिजोरीत राहिले. आपलेच दागिने परत घेण्यासाठी ती आपल्याच घरात चोरासारखी शिरली. तिची पहिली चोरी ही. आणि त्या रात्री तिला कळले, की हे आपल्याला आवडते.

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. स्त्रीधन हा शब्द आपल्याकडे धर्मशास्त्रात आहे, कोर्टात आहे आणि माहेरी परतलेल्या बायकांच्या तोंडी आहे. सासरच्या कपाटात अडकलेले दागिने कसे मिळवायचे, हा प्रश्न किती घरांतून विचारला गेला असेल. ब्रेनर्टला स्त्रीधन ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने नेमके तेच टिपले: मालकीण चोर ठरते ती केवळ किल्ली दुसऱ्याकडे आहे म्हणून.

आणि त्याने आनंदही झाकला नाही. इथे मला आपला शर्विलक आठवतो. ‘मृच्छकटिका’तला हा ब्राह्मण चोर मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी चारुदत्ताच्या घरी चोरी करतो. नड खरी आहे. पण भिंतीपाशी पोचल्यावर तो नड विसरतो. भोक कमळासारखे पाडावे, सूर्यासारखे की चंद्रकोरीसारखे, याचा विचार करतो, शेवटी पूर्णकुंभाचा आकार पसंत करतो, आणि मोजायला दोरी नाही म्हणून जानवे काढतो. नाइलाज आणि कारागिरीचा आनंद एकाच माणसात, एकाच रात्री. शूद्रकाला त्यात काही अडचण वाटली नाही. देवलांच्या नाटकामुळे मराठी प्रेक्षकही या चोरावर लोभ करत आला. अमेरिकेतल्या लेखकांना बाईच्या बाबतीत या दोन गोष्टी एकत्र नांदू द्यायला त्रेचाळीस वर्षे लागली.

पण लगेच पुढचे वळण आले. १९८७ मध्ये फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांच्या ‘बॅटमॅन: इयर वन’ने सगळी पाटी पुसून नवी सुरुवात केली. त्यात सेलिना गॉथमच्या बदनाम वस्तीतली वेश्या आहे. दोन वर्षांनी मिंडी न्यूवेल या लेखिकेने तिच्या स्वतःच्या नावाची पहिली छोटी मालिका लिहिली, ती याच पायावर. दलालाचा छळ, जोगीण झालेली बहीण मॅगी, आणि त्यातून मुखवटा. न्यूवेलने बहिणींचे नाते हळुवारपणे लिहिले आहे. मॅझुकेलीची चित्रभाषाही अपूर्व, यात वाद नाही. मला खटकते ते वेगळे. सक्ती आता एका रात्रीची राहिली नाही, सगळे आयुष्यच सक्तीचे झाले. वास्तववाद म्हणजे बाईला आधी तुडवलेली दाखवणे, असे त्या दशकात अनेकांना वाटत होते. जोकरने गुन्हे का करावेत, याचे कारण मात्र वाचक इतक्या आग्रहाने मागत नाहीत.

१९९३ मध्ये सुरू झालेली पहिली दीर्घ मालिका जो डफी या लेखिकेने सुरू केली. ती चौऱ्याण्णव अंक चालली. जिम बॅलेंटच्या चित्रांतली सेलिना ज्या अंगकाठीची आहे ती घेऊन कोणी पाइपवरून चढू शकेल असे वाटत नाही. पण मालिका खपली. २००१-०२ मध्ये एड ब्रुबेकर आणि डार्विन कुक यांनी तिला साधा काळा चामडी पोशाख आणि डोळ्यांवर गॉगल दिला. चोर चोरीला जाताना घालील असे कपडे तिला मिळायला साठ वर्षे लागली. त्याच सुमारास कुकने ‘सेलिनाज बिग स्कोअर’ लिहून-चित्रित केले. हातात पैसा उरलेला नाही, म्हणून ती माणसे जमवून माफियाच्या पैशाची आगगाडी लुटायला निघते. धमकी देणारा कोणी नाही, स्मृतिभ्रंश नाही. किंमत मात्र मोजावी लागते. तिच्या बरोबरची माणसे त्यात जिवानिशी जातात, आणि तो हिशेब तिच्याच नावावर राहतो.

चित्रपटाने २०१२ मध्ये जुनी सक्ती नव्या रूपात आणली. ‘द डार्क नाइट राइझेस’मध्ये ॲन हॅथवेची सेलिना ब्रूस वेनच्या बोटांचे ठसे चोरते, ते एका उद्योगपतीसाठी. मोबदला असा, की जगातल्या प्रत्येक नोंदीतून तिचे नाव पुसून टाकणारी संगणक-प्रणाली तिला मिळावी. उद्योगपती अर्थातच फसवतो. सर्नॅककडे तिच्या भूतकाळाचा एक पुरावा होता. इथे पुरावा सर्व यंत्रांत आहे आणि धमकी द्यायला माणूसही लागत नाही. एकदा नोंद झालेल्याला दुसरे काम मिळत नाही, हे ती स्वच्छ सांगते. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदवल्या, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना हे सांगावे लागणार नाही. तो कायदा १९५२ मध्ये गेला, नोंद लोकांच्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

अलीकडच्या लेखनापैकी एकाचा उल्लेख करतो, कारण त्याचा लेखक मुंबईशी नाते असलेला आहे. राम व्ही या नावाने लिहिणाऱ्या या भारतीय लेखकाने मुंबईच्या वस्त्यांवर ‘ग्राफिटीज वॉल’ हे चित्रपुस्तक केले आहे. २०२० मध्ये त्याने ‘कॅटवुमन’ हाती घेतली आणि फर्नांडो ब्लँको या चित्रकाराबरोबर तिला ॲलीटाउन या तिच्या जुन्या वस्तीत परत नेले. तिथे रस्त्यावरची पोरे आहेत, जी कोणत्या ना कोणत्या टोळीसाठी हात साफ करत असतात. सेलिना त्यांना गोळा करते. त्यांना शाळेत घालत नाही, उपदेश करत नाही; चोरी नीट कशी करायची ते शिकवते आणि वस्तीतल्या टोळ्यांच्या तावडीतून सोडवते. गॉथमचे पोलीस आणि इतर गुंड यांना हे अर्थातच रुचत नाही. पुढचे अंक त्या झगड्याचे आहेत, आणि त्यांत पोरांपैकी कोणी पकडले गेले तर सोडवायला जाणारी तीच असते.